अंतराळाच्या खुर्चीत आम्ही दोघी

बंगळूरहून परत आल्यापासून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मला एकच प्रश्न ऐकायला मिळतो, "बाई, तुम्हाला गरगरा फिरवलं म्हणं?" विचारणारा हसत असतो, आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःचं बोट हवेत फिरवून दाखवतो. रस्त्यात भाजीची पिशवी धरून सगळं सांगणं होत नाही. म्हणून एकदाचं बसून लिहिते आहे. फिरवलं हे खरं, पण त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते कुणी विचारत नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे.

गारगोटी

सुरुवात गारगोटीला झाली. मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते. थंडीत आमच्या मुलींचं शिबिर गारगोटीला होतं आणि आरोग्यावर बोलायला डॉ. शारदा म्हणून एक बाई आल्या होत्या. मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मराठी चांगलं, फक्त वाक्याच्या शेवटी कानडी हेल. बंगळूरला वैमानिकांच्या शरीराची तपासणी करणारी एक संस्था आहे, तिथं त्या काम करत. त्याच सुमाराला आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदा अंतराळात जाऊन आला होता. आमच्या शाळेच्या फळ्यावर त्याचं चित्र काढलेलं महिनाभर कुणी पुसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलींना घेऊन भुदरगड चढलो. मागं राहणाऱ्यांना हाकायला मी दोनदा खाली उतरून पुन्हा वर आले. शारदाबाई वर एका दगडावर बसून माझ्याकडं बघत होत्या.

"सुमनताई, एक विचारू? अंतराळात जायला बाईचं शरीर चालेल का, हे आम्हाला बघायचंय. खेळाडू नकोत. रोज काम करणाऱ्या, निरोगी बायका हव्यात. याल का तुम्ही?"

"अंतराळात?"

"तिथं नाही हो," त्या हसल्या. "बंगळूरला."

मी तिथल्या तिथं हो म्हणाले. घरी येईपर्यंत मात्र तो हो बराच लहान झाला होता. आमचे हे पाटबंधाऱ्यात नोकरीला, त्यांना एवढी रजा मिळेना. सासूबाईंना वेगळीच काळजी. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "बाईच्या जातीला असं फिरवून पोटातली पिशवी जागेवर ऱ्हाती का? अजून एक पोर व्हायचं हाय तुला." खोटं कशाला सांगू, ही भीती माझ्याही मनात होती. शारदाबाई आमच्या घरी आल्या तेव्हा ती मी त्यांना स्पष्ट बोलून दाखवली. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, गर्भाशय कशानं बांधलेलं असतं ते दाखवलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मी स्वतः बसलेय त्या खुर्चीत. त्यानंतर मला मुलगा झालाय." सासूबाईंना चित्र पटलं नाही, मुलगा पटला.

तरी एकटीनं जायचं नाही, असं ठरलं. तेव्हा पुढं आल्या आमच्या आक्का. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नेसरीला दिलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, तीन मुलांच्या आई, दावणीला सहा म्हशी. त्या दिवशी त्या सहज माहेरी आल्या होत्या.

"मी येतो की हिच्यासंगं," त्या म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो' म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये. "म्हशी बघतील घरातली. मला तरी मिरजंच्या म्होरं काय हाय ते कधी बघाय मिळणार?"

बंगळूर

मिरजेला छोट्या रुळांच्या गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी बंगळूरला उतरलो. प्रवासात सांगण्यासारखं एवढंच की धारवाडच्या पुढं आक्कांनी भाकरी आणि कांदा-लसणाची चटणी सोडली, आणि डब्यातल्या एका गृहस्थांना हौसेनं वाढली. बिचाऱ्यांनी पुढचं स्टेशन येईपर्यंत एक शब्द काढला नाही. "पावणं, पाणी घ्या की," आक्का त्यांना मोठ्यानं आग्रह करत होत्या, आणि सगळा डबा आमच्याकडं बघत होता.

बंगळूरचे लोक हळू बोलतात, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. आपल्याकडं शेजारणीला हाक मारली तरी गल्ली वळून बघते. इथं बस कंडक्टरही कानात सांगितल्यासारखं तिकीट मागतो. सकाळी बायका केसांत भरघोस गजरा माळून कामाला निघतात, आणि त्यात सणाचं काही नसतं. हे मला फार आवडलं. संस्थेच्या वसतिगृहात नाश्त्याला इडली, वर पितळी पेल्यात फेसाळ कॉफी. सांबारात मात्र गूळ. आक्कांनी पहिला घास घेतला आणि वाटी लांब सारली. "आमटी हाय का बासुंदी?" पण वाढणारे शिवण्णा त्यांच्याशी कानडीत बोलायला लागले तशा त्या खुलल्या. नेसरीकडं बाजारात कानडी कानावर पडतंच, आक्कांना ते मोडकंतोडकं येतं. चार दिवसांत शिवण्णा त्यांच्यासाठी गूळ न घातलेली आमटी वेगळी काढून ठेवू लागले.

तपासणीला सहाजणी येणार होत्या. केरळची अन्नम्मा, धिप्पाड आणि हसरी नर्स, धारवाडच्या एक शिक्षिका, म्हैसूरच्या कॉलेजातल्या दोन मुली आणि मी. सहावी आलीच नाही, तिच्या घरच्यांनी आयत्या वेळी नको म्हटलं. शारदाबाई हिरमुसल्या. तेवढ्यात त्यांची नजर आक्कांवर गेली. आक्का आमच्या दोन्ही ट्रंका दोन हातांत घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढत होत्या आणि धाप न लागता माझ्याशी भांडत होत्या.

"तुम्ही बसाल का यांच्यात?" शारदाबाईंनी विचारलं.

"मी? मी काय शिकल्याली न्हाई, बाई."

"शिक्षण नाही तपासायचं. शरीर तपासायचंय."

आक्कांनी ट्रंका खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "म्हशीचं दूध रोज तपासतात. मला आजपतूर कुणी तपासलं न्हाई. तपासा की."

संस्थेचे मुख्य म्हणजे मोठे साहेब. सगळे त्यांना तसंच म्हणत, म्हणून मीही म्हणते. पूर्वी स्वतः वैमानिक होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, बोलणं हिंदीत. पहिल्या दिवशी त्यांनी आमचं स्वागत केलं, पण साखर न घालता. बायकांच्या रक्ताभिसरणाबद्दल त्यांना शंका आहे असं त्यांनी सरळ सांगितलं. तुमच्यातल्या निम्म्या जणी जरी नापास झाल्या, तर हे काम इथंच थांबेल, असंही म्हणाले. त्यांचा मला राग आला नाही. मनातलं तोंडावर बोलणारा माणूस आम्हा कोल्हापूरकरांना परका वाटत नाही.

मग सुरू झालं. एका पाटावर निजवून पट्ट्यांनी बांधतात आणि तो पाट हळूहळू उभा करतात. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही, नुसतं टांगल्यासारखं राहायचं. रक्त पायांत उतरतं आणि डोकं हलकं होत जातं. माझ्या कपाळावर घाम आला, ओठ बधिर झाले. मी मनात आमच्या शाळेची प्रार्थना म्हणत राहिले, आणि ती कितव्यांदा तरी संपली तेव्हा पाट खाली आला. अन्नम्माला मात्र चक्कर आली. शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "माझी ड्यूटी कुणी घेतली?" दुसऱ्या वेळी तिनं पाट पुरा केला.

तापलेल्या खोलीत बसवायचे, तिथं आक्का राणीसारख्या बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ही कसली ओ गरम खोली? आमच्याकडं गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसा एकदा." गोल फिरणाऱ्या लहान स्टुलावर मात्र माझी फजिती झाली. नाश्त्याला मोह आवरला नव्हता, चार इडल्या खाल्ल्या होत्या. त्या चारही संस्थेच्या फरशीवर आल्या. लाजेनं मला वर बघवेना. शारदाबाईंनी टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "मोठ्या साहेबांनीही एकदा इथंच काढलंय. फक्त त्यांचा डोसा होता."

रविवारी सुट्टी. आक्कांनी शिवण्णांच्या मागं लागून मटण आणवलं आणि त्यांच्याच चुलीवर आपल्या पद्धतीनं केलं. अन्नम्मानं त्यात खोबरेल तेल घालायचं सुचवलं, तेव्हा दोघींचं मोठं भांडण झालं, एकीचं मल्याळममध्ये, दुसरीचं कोल्हापुरीत. शेवटी दोन पातेली झाली. मी दोन्हीतलं खाल्लं. अन्नम्माचं वाईट नव्हतं, पण हे आक्कांना मी अजून सांगितलेलं नाही.

मोठी खुर्ची

सगळ्यात अवघड चाचणी शेवटी होती. एक भली मोठी गोल खोली, मधोमध खांब, त्याला आडवा लोखंडी हात, आणि हाताच्या टोकाला पिंजरा. पिंजऱ्यात खुर्ची. तो हात फिरू लागला की आतल्या माणसाचं वजन वाढत जातं, दुप्पट, तिप्पट, त्याहून जास्त. यान वर जाताना आणि परत येताना माणसाला हेच सोसावं लागतं. समोर एक तांबडा दिवा, दोन्ही कडांना हिरवे. हिरवे दिसेनासे झाले की हातातलं बटण सोडायचं, मग यंत्र थांबतं.

आधी धारवाडच्या बाई बसल्या. त्यांनी बटण लवकर सोडलं. मग अन्नम्मा. तीही मध्येच थांबली. मग मी.

पिंजऱ्याचं दार लागलं आणि खोली सरकू लागली. आधी गाल खाली ओढले गेले. मग हात उचलेना, जणू कुणी त्यावर धान्याचं पोतं ठेवलं होतं. छातीवर कुणीतरी बसलं. मी सगळं अंग आवळायचा प्रयत्न केला, पण जोर कुठं धरायचा तेच कळेना. हिरवे दिवे करडे झाले. मग तांबडाही एका लांबच्या बोगद्यात गेला. मी बटण सोडलं.

बाहेर आले तेव्हा मोठे साहेब शारदाबाईंना म्हणत होते, "बस. तीन में से तीन. बाकीच्यांना कशाला त्रास द्यायचा?"

मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडले. कुणाला वाटेल, एवढं काय झालं, बाईला कुठं खरंच आभाळात जायचं होतं? पण माझ्या वर्गातल्या मुली माझ्या डोळ्यांपुढं येत होत्या. रोज सकाळी मी त्यांना सांगते, अजून एक फेरी, तुम्हाला जमेल. आता कुठंतरी लिहून ठेवलं जाणार होतं की बाईला जमत नाही, आणि त्याच्या पुराव्यात मी असणार होते.

आक्का शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "सुमन, तुझं पाय कुठं हुतं गं?"

"कुठं म्हणजे?"

"मी काचंतनं बघत हुतो. तुझं पाय हालत हुतं."

मी रडायची थांबले. पाय लोंबकळत होते! ती खुर्ची उंच वैमानिकांच्या मापाची होती. मी सव्वापाच फूटही नाही. अन्नम्मा धिप्पाड असली तरी पायांनी आखूड, आणि धारवाडच्या बाई तर माझ्याहून ठेंगण्या. मी मुलींना पहिल्या तासाला काय शिकवते? पाय जमिनीत रोवा, मग जोर लावा. पोटऱ्या आणि मांड्या आवळल्या तरच रक्त वर राहतं, आणि टाच टेकायला काही नसेल तर त्या आवळणार कशा? मी उठून चपला घातल्या आणि तशीच साहेबांच्या खोलीकडं निघाले. आक्का मागून ओरडल्या, "त्वांड तर धू!"

साहेबांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. सगळ्यांना एकच खुर्ची, एकच नियम. बदल केला तर तुलना कशाशी करायची? शारदाबाई माझ्या बाजूनं बोलल्या, तरी ते हटेनात. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, एकदा तुम्ही लोंबकळत्या पायांनी बसून बघा."

शारदाबाईंनी डोळे मिटून घेतले. मोठ्या साहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते उठले. "चलिए."

खुर्चीखालची पाय टेकायची पट्टी काढली, बैठक वर उचलली, तेव्हा कुठं त्यांचे लांब पाय अधांतरी झाले. आम्ही सगळ्या काचेपाशी गर्दी केली. हात फिरू लागला. वेग वाढला. आणि जिथं मी बटण सोडलं होतं जवळजवळ तिथंच यंत्र मंदावू लागलं. साहेबांनी बटण सोडलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. दाराला धरून क्षणभर उभे राहिले, मग सरळ माझ्यासमोर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आप फेल नहीं हुईं. मेरी कुर्सी फेल हुई है."

दुसऱ्या दिवशी सुतारानं लाकडी फळी बसवली, प्रत्येकीच्या उंचीप्रमाणं खालीवर होणारी. वैमानिकांना श्वास आवळून धरायची जी रीत शिकवतात ती आम्हालाही शिकवली, आणि गच्चीवर मी तिचा सराव घेतला, अगदी माझ्या शाळेच्या मैदानावर घेते तसा, शिट्टीसकट. अन्नम्मा म्हणाली, तुझ्या मुलींची मला कीव येते.

मग पुन्हा खुर्ची. माझी पाळी पहिली. टाचा फळीवर रोवल्या, मांड्या आवळल्या, पोट आत, श्वास धरला आणि थोडा थोडा सोडला. छातीवर पुन्हा ते ओझं आलं. हिरवे दिवे थरथरले. मी आणखी जोर लावला. ते थरथरले, पण गेले नाहीत. तिथंच राहिले, कडेला, दोन्ही हिरवे. यंत्र आपलं आपण थांबलं तेव्हा मला आधी कळलंच नाही की संपलं. कानातल्या फोनमधून शारदाबाई बेळगावी मराठीत ओरडत होत्या, "झालं गे बाई! झालं!" माझ्या डोळ्यांतलं पाणी वजनानं हनुवटीपर्यंत ओघळलं होतं.

अन्नम्मा झाली. धारवाडच्या बाई झाल्या, उतरल्या त्या थेट सुताराला नमस्कार करायला गेल्या. म्हैसूरच्या दोघी हसत गेल्या नि हसत आल्या. राहिल्या आक्का. लुगड्याऐवजी ढगळ निळा पोशाख घालायला लागला म्हणून त्या आधीच रागावलेल्या. दार लागलं. वेग वाढत गेला. यंत्र चालवणारा तरुण आतल्या बाईला इंग्रजीत विचारत होता, ठीक आहात का? आतून उत्तर नाही. त्यानं घाबरून साहेबांकडं बघितलं. शारदाबाईंचा हात थांबवायच्या बटणाकडं गेला.

आणि तेवढ्यात फोनमधून आक्कांचा आवाज आला, दाबल्यासारखा पण खणखणीत, "इन्नू जास्ती माड्री!"

कानडी येणारे सगळे एकदम हसले. साहेबांना कळेना. शारदाबाई म्हणाल्या, "सर, त्या म्हणतायत, अजून वाढवा."

अजून वाढवलं नाही, नियमात नव्हतं. पण ठरलेलं सगळं आक्कांनी पुरं केलं, आणि बाहेर येऊन केस नीट करत म्हणाल्या, "संपलं व्हय? मला वाटलं आता सुरू हुईल." मी त्यांना मिठी मारली. अन्नम्मानं आम्हा दोघींना मिळून मारली.

सहाच्या सहा. निरोपाच्या चहाला मोठे साहेब उभे राहिले. इथून पुढं या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचे पाय आधी बघितले जातील, असं त्यांनी सांगितलं. बाईच्या शरीरात अंतराळप्रवासाला अडेल असं या चाचण्यांत काही आढळलं नाही, असं ते स्वतः सही करून लिहिणार होते. काम थांबणार नव्हतं. पुढच्या तुकडीला बायका शोधायला शारदाबाई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. साहेबांनी विचारलं, उद्या खरंच यान निघालं तर कोण जाईल? सहा हात वर गेले. धारवाडच्या बाईंनी चहाचा कप हातात घेऊनच हात वर केला, चहा त्यांच्या साडीवर सांडला, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

परत

कोल्हापूरला स्टेशनवर आमच्या शाळेच्या मुली लेझीम घेऊन आल्या होत्या. आमचे हे आमच्या लेकीला कडेवर घेऊन मागं उभे, आणि सासूबाईंनी पेढ्याचा पुडा धरलेला. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं, हळूच विचारलं, "सगळं जाग्यावर हाय न्हवं?" मी हाय म्हटल्यावर पुडा फोडला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला. मुलींनी लेझमीचा असा आवाज काढला की हमालही वाट सोडून उभे राहिले.

आक्कांना पोहोचवायला मी नेसरीला गेले. एस.टी.तून उतरलो तर फाट्यावर निम्मं गाव. बातमी आमच्या आधी पोहोचली होती आणि वाटेत बरीच वाढली होती. गळ्यात हार पडले. पोरं आक्कांच्या हाताला हात लावून बघत होती. गर्दीतून तात्या पुढं आले, आक्कांचे चुलत सासरे, गावात सगळ्यांनी ज्यांचं ऐकायचं असे. काठी टेकवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "व्हय गं सुनबाई, आभाळात जाऊन आलीस म्हणं?"

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढ्या लोकांसमोर, सासऱ्याच्या तोंडावर, एरवी त्या मान खाली घालून बोलल्या असत्या. त्या दिवशी घातली नाही.

"न्हाई मामंजी. अजून न्हेलं न्हाई कुणी," त्या म्हणाल्या, आणि मग सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "पर बाईमाणसाला जमतंय, एवढं दावून आलोय."